दात न लावता

कुणी वेफर्सची पुडी दातानं फोडायला लागलं की सोपानआप्पा कोकऱ्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्या माणसानं त्यांच्याच कानाचा चावा घेतला आहे. मला हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं, कारण चावणारी मीच होते.

सणसवाडीच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचच्या ऑफिसात लागले, तिथं पुड्या तयार व्हायच्या. म्हणजे फक्त पुड्याच. आत भरायचं फरसाण, मसाला, शांपू, खोबरेल तेल यांच्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. आमच्याकडून रिकाम्या पुड्यांच्या पेट्या जायच्या आणि भरणारे दुसरीकडं भरायचे. शिरूरला सासरी हे समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा. सगळं नीट ऐकून घेऊन सासूबाई शेवटी विचारायच्या, "पण मग आत काय असतं?" काही नसतं म्हटलं की त्या माझ्याकडं फार दयेनं बघायच्या.

तर तो पहिला दिवस. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याबरोबर लोणच्याची छोटी पुडी आणली होती. ती काही केल्या फाटेना. इकडून ओढली, तिकडून ओढली, मग वैतागून सरळ तोंडात घातली. तेवढ्यात कँटीनच्या दुसऱ्या टोकाचा एक उंच, वाळकुडा, भरघोस मिशीचा माणूस ताटावरून उठला आणि तोंडातला घास तसाच ठेवून बाकं ओलांडत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या केसांत आणि मिशीत चांदीच्या टिकल्यांसारखं काहीतरी चमकत होतं.

"ताई," तो म्हणाला, "त्वांडातनं काढा ती आधी."

मला वाटलं, लोणचं विषारी निघालं. मी घाबरून पुडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती शर्टाला पुसली, उजेडाकडं धरली, उलटी केली, सुलटी केली आणि एखाद्या वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाला, "खाच हाय, पर खोटी हाय. आपली न्हाई ही." मग कुठं चिमटा घेतला कोण जाणे, पुडी टरकन उघडली. निम्मं लोणचं माझ्या ओढणीवर सांडलं. त्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पुडी मला परत दिली आणि पुन्हा बाकं ओलांडत आपल्या ताटाकडं निघून गेला. शेजारची बाई म्हणाली, हे आपले आप्पा, पाउच मशीनवर असतात, मनाला लावून घेऊ नका. ओढणीचा डाग मात्र अजून आहे, आणि मी ते मनाला लावून घेतलेलंच आहे.

आप्पांचं काम समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. पुडी तयार होते ती अशी. छापलेल्या प्लॅस्टिकचा रोल उलगडत येतो, दोन पदर एकमेकांवर बसतात, गरम पट्ट्या त्यांच्या कडा दाबून चिकटवतात आणि शेवटी एक पातं टकाटक एकेक पुडी कापून टाकतं. पण पात्याच्या अलीकडं चिमणीच्या चोचीएवढा एक लोखंडी ठसा असतो. तो प्रत्येक पुडीच्या चिकटलेल्या कडेला एक टोच मारतो आणि तिथली तिकोनी कपची उडवून लावतो. ती खाच. आपण बोट लावून पुडी फाडतो ती जागा. बाकीचे तिला नॉच म्हणायचे, आप्पा खाच म्हणायचे. ती चिकटलेल्या कडेच्या आतच थांबावी लागते. कमी पडली तर पुडी फाटत नाही आणि जास्त झाली तर आतला माल बाहेर डोकावतो. त्या उडालेल्या चंदेरी कपच्या दिवसभर आप्पांच्या अंगावर पडायच्या, त्यामुळं ते कायम कुणाच्या तरी लग्नाहून आल्यासारखे दिसायचे. त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, डाळीतही त्या कपच्या सापडायच्या.

मशीन चालवणं हे त्यांचं कागदोपत्री काम. जीव होता तो तपासण्यात. थोड्या थोड्या वेळानं ते मशीनवरून ताज्या पुड्या उचलायचे आणि फाडायचे. कोरड्या हातानं फाडायचे, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून फाडायचे, तेलाचा हात लावून फाडायचे आणि मग डाव्या हातानं फाडायचे. एवढ्यावर भागलं नाही की माणसं पकडायचे. गेटवरचा वॉचमन, चहावाला, माल भरायला आलेला ड्रायव्हर, एकदा तर विजेचं मीटर बघायला आलेला सरकारी माणूस. प्रत्येकाच्या हातात एकेक पुडी. "जरा फाडून दावा की." बिहारकडच्या कामगारांना ते हिंदीत सांगायचे, "भय्या, फाड के दिखाव, लेकिन दात मत लगाव." सणसवाडीत नवीन आलेल्या कामगाराला राहायला खोली मिळायच्या आधी ही पुडी मिळायची.

माणसांची त्यांनी सरळ वाटणी करून टाकली होती. ओढे, पिळे आणि चावे. ओढे म्हणजे पुडी दोन्हीकडून ओढणारे. त्यांची पुडी एकदम फुटते आणि फरसाण छपरापर्यंत जातं. पिळे कपडे पिळावेत तशी पुडी पिळतात आणि काहीच होत नाही. चाव्यांबद्दल तर बोलायलाच नको. मी चावी होते. सुधारेन अशी आप्पांना आशा होती. घरात खरी पंचाईत शोभावहिनींची होती. त्या कात्रीवाल्या. त्या पुडीचा एक कोपरा कातरायच्या, माल डब्यात ओतायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. एवढं डोकं घालून केलेली खाच कडेला तशीच शाबूत राहायची. आप्पा ती पुडी केराच्या डब्यातून काढून, खाचेतून फाडून, परत डब्यात टाकायचे. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "मेलेल्या पुडीला बी सोडत न्हाईत."

काही वेफर्सच्या पुड्यांची कड करवतीसारखी दातेरी असते, कुठूनही फाडा म्हणून. आप्पा त्यावर नाक मुरडायचे. म्हणायचे, "कुटनं बी फाड म्हंजी काय? माणसाला एक जागा दावायची. खाच म्हंजी दार. दार दिसलं की माणूस भिंतीला धडका देत न्हाई." दुसऱ्यांच्या कारखान्यातल्या, नीट न फाटणाऱ्या पुड्या त्यांनी आपल्या लॉकरमध्ये जमवल्या होत्या. लॉकर उघडला की मसाल्याचा, शांपूचा आणि कसल्याशा च्यवनप्राशचा मिळून असा एक वास यायचा की शेजारच्या लॉकरवाल्यानं बदली मागितली होती.

हे सगळं हसण्यावारी जायचं आणि आप्पाही हसायचे. एकाच गोष्टीवर ते हसत नसत. ती गोष्ट म्हणजे त्यांचे सासरे, दौंडचे नामदेवतात्या.

तात्या दौंडच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते. उभी हयात पोत्यांत गेलेली. सिमेंटची, साखरेची, गव्हाची. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं. ज्यांच्या हातून पोतं फाटतं ती आणि ज्यांच्या हातून फाटत नाही ती. कधीकाळी एक साखरेचं पोतं त्यांच्या टोळीकडून फाटलं होतं, त्याबद्दल ते निवृत्त झाल्यावरही घरातल्यांची माफी मागायचे. अशा माणसाची पोरगी बघायला आप्पा कासुर्डीहून गेले. कांदेपोहे झाले. तात्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. बरोबरच्या मामांनी "कंपनीत आहे" असं बेताचं उत्तर तयार ठेवलं होतं, पण आप्पा पडले सरळ. त्यांनी सांगून टाकलं, "पिशव्या फाडतो."

तात्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली म्हणे आणि विचारलं, "पगार कोन देतं ह्याचा?"

लग्न झालं, कारण शोभावहिनींना मिशी आवडली होती. पण तात्यांनी जावयाचं काम काही मनावर घेतलं नाही. कुणी विचारलं तर "जावई सणसवाडीला असत्यात" एवढंच सांगायचे आणि लगेच पाऊसपाण्यावर यायचे. दिवाळीला आप्पा हौसेनं आपल्या कारखान्याच्या पुडीतला चिवडा न्यायचे. तात्या ती पुडी घ्यायचे, खाचेकडं बघायचे, मग पुडी उलटी करून बुडाकडून अडकित्त्यानं कापायचे. तेही आप्पांच्या डोळ्यांदेखत. एरवी सगळ्यांशी गोड बोलणारा हा म्हातारा जावयासमोर मात्र मिठाची गुळणी धरून बसायचा.

एकदा कंपनीच्या बसमध्ये आप्पा माझ्या शेजारी बसले होते. कामावरून शिक्रापूरपर्यंत काहीतरी सामान आणायला निघाले होते. बाहेर बघत म्हणाले, "ताई, मला पगारवाढ नगं, काय नगं. तात्यांनी एकदा चार माणसांत सांगावं, माझा जावई ह्ये काम करतो म्हून. त्वांड भरून सांगावं. बास." मी काहीतरी थट्टा करणार होते, पण त्यांच्याकडं बघितलं आणि बेत सोडला. त्या माणसाला खरंच एवढंच हवं होतं.

मध्यंतरी शिरूरला माझ्या दिराचं लग्न झालं. कारखान्यातल्या सगळ्यांना बोलावलं होतं, आप्पा आणि वहिनीही आले. आमच्याकडच्या कुणा हौशी माणसानं अक्षता बंद पुड्यांत आणल्या होत्या. छोट्या, चकचकीत, वर वधूवरांचं नाव. दारात प्रत्येकाच्या हातात एकेक. मंगलाष्टका सुरू झाल्या, पहिलं 'सावधान' झालं आणि हॉलभर एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं, की पुड्या फाटत नाहीत. दुसऱ्या मंगलाष्टकेला अर्धा हॉल पुड्या दातांत धरून उभा होता. आमचे चुलत सासरे कवळी काढून खिशात ठेवत होते, म्हणजे त्यांनी हार मानली होती. तिसऱ्या 'सावधान'ला माणसांचा धीर सुटला आणि त्यांनी पुड्या तशाच्या तशा फेकल्या. एक भटजींच्या चष्म्यावर बसली. नवरदेवानं बाशिंग सावरत मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

मी आप्पांना शोधलं. ते जागेवर नव्हते. पहिल्या रांगेपासून ते एकेक खुर्ची घेत निघाले होते, पुडी घेत होते, फाडत होते, परत देत होते, पुढं सरकत होते. जाताजाता त्यांनी भटजींना हातानं खूण केली, जरा लांबवा. भटजी शहाणे. त्यांनी गंगा, यमुना, गोदावरी करत देशातल्या नद्या घेतल्या, मग ओढ्यांवर आले असते, पण तोवर आप्पा शेवटच्या रांगेत पोचले. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा अशा काही अक्षता पडल्या की नवरानवरी दिसेनाशी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आप्पांकडं बघून. जेवताना मी त्यांना जिलेबी वाढली. ते खूश होते, पण घास घेता घेता म्हणाले, "तात्यांनी बघायला पायजे हुतं."

आणि मग तशी वेळ आलीच. आप्पांच्या मेहुण्याचं लग्न झालं आणि तात्यांच्या घरी जागरण-गोंधळ ठरला. खंडोबाची तळी भरायची, भंडारा उधळायचा, सगळा गोतावळा जमायचा. आप्पांच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. एरवी भंडारा परातीत असतो आणि त्यातली मूठ जो तो घेतो. त्याऐवजी प्रत्येक पाहुण्याला भंडाऱ्याची एकेक पुडी द्यायची, बोट लावताच उघडणारी. त्यांनी तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, परातीत काय वाईट होतं. मग म्हणाले, "आना."

त्या 'आना'ची बातमी आप्पांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितली. मालकांनाही सांगितली आणि रोलच्या शेवटी उरलेली साधी फिल्म वापरायची परवानगी मिळवली. मालकांनी तेव्हा नवीनच एक लेझरचं यंत्र बसवलं होतं. आप्पा त्याला 'उजेड' म्हणायचे. पुडीच्या प्लॅस्टिकला कांद्यासारखे पापुद्रे असतात. हा उजेड फक्त वरच्या पापुद्र्यावर रेघ ओढतो, आतल्याला धक्का लावत नाही. मग पुडी वेडीवाकडी न जाता त्या रेघेवरून सरळ फाटते. आप्पांनी भंडाऱ्याच्या पुडीला दोन्ही कडांना खाच दिली. एका खाचेपासून दुसरीपर्यंत उजेडाची रेघ मारली. दौंडला म्हातारी माणसं फार, हात थरथरतात, म्हणून उजेड थोडा वाढवला, म्हणजे रेघ खोल केली. मग तात्यांचा हात डोळ्यांसमोर आला, म्हणून अजून थोडा वाढवला. कोरड्या हातानं फाडून बघितली, ओल्या, तेलकट, डाव्या. एकदम पास. खरं सांगायचं तर त्या पुडीकडं जरा रागानं बघितलं असतं तरी ती उघडली असती.

वहिनींनी आणि मी बसून भंडारा भरला आणि पुड्यांची तोंडं गरम पट्टीनं चिकटवली. कारण मलाही जागरणाचं आमंत्रण होतं, आणि कारण आप्पांनी 'ताई तुमी साक्षीला पायजे' असं म्हटलं होतं. दोन पोती पुड्या झाल्या. जागरणाच्या दिवशी दुपारी भाड्याची व्हॅन आली. एक पोतं आप्पांनी तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेतलं. दुसरं मागं ठेवलं, आणि जागा नव्हती म्हणून त्याच्यावर जागरणाच्या नारळांचं पोतं चढवलं. मी मागं, वहिनींच्या शेजारी. ऊन मी म्हणत होतं, काचा उघड्या होत्या.

शिक्रापूर गेलं, पुढं न्हावऱ्याच्या अलीकडं एक गतिरोधक आला. व्हॅन उडाली, नारळ उडाले, नारळ खाली बसले. मागून 'फुस्स' असा आवाज आला. वहिनींनी आप्पांकडं संशयानं बघितलं. आप्पा म्हणाले, मी न्हाई. पुन्हा 'फुस्स'. मग पुढच्या गतिरोधकावर मागं एकदम फुसफुस सुरू झाली, पोत्याच्या तोंडातून पिवळा धूर निघाला आणि बघता बघता गाडीत हात दिसेना. ड्रायव्हरनं घाबरून वायपर चालू केला. भंडारा आत होता.

दौंडपर्यंत आम्ही असेच गेलो. खिडक्यांतून पिवळे लोट बाहेर पडत होते आणि रस्त्याकडेची माणसं कसलीही चौकशी न करता हात जोडून येळकोट करत होती. भीमेच्या पुलावर एका मोटरसायकलवाल्यानं तर व्हॅनच्या मागं मागं राहून फुकट भंडारा घेतला. आप्पा मांडीवरचं पोतं छातीशी धरून बसले होते. शोभावहिनींना आधी हसू आवरत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते पदराखाली दाबलं. मला स्वतःला त्यांची दया आली, आणि आप्पांची दया यावी असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

तात्यांच्या घरापुढं मांडव होता. तात्या स्वतः दारात, पांढरं धोतर, डोक्याला पटका, भोवती पाव्हणे. व्हॅनचं दार उघडलं आणि आम्ही उतरलो. नखशिखांत पिवळे. पापण्या पिवळ्या, दात तेवढे पांढरे. आम्ही थेट जेजुरीहून देव घेऊनच आलोय अशा समजुतीनं एक आजीबाई पुढं येऊन ड्रायव्हरच्या पाया पडल्या. तो बिचारा मागं सरकत राहिला.

तात्या मात्र आमच्याकडं बघत नव्हते. ते सरळ व्हॅनच्या मागं गेले आणि आत डोकावले. मग त्यांनी जावयाला विचारलं, "नारळ कुटं ठिवलं हुतं?"

"पोत्यावर," आप्पा म्हणाले.

"आन् पोत्यात?"

"भंडारा."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. "नारळाखाली भंडारा," ते हळू आवाजात म्हणाले, घरात कुणीतरी गेल्यासारखे.

आप्पा मला पुटपुटत म्हणाले, आपण असंच परत जाऊ. पण तात्यांनी पोत्यात हात घालून एक फुटकी पुडी काढली. ती झटकली. खाचेवर अंगठा फिरवला, मग त्या रेघेवरून फिरवला, परत फिरवला. पोत्याच्या शिवणीवरून फिरवून फिरवून घट्टा पडलेला तो अंगठा होता.

"ह्ये तुमी केलं?"

"व्हय."

"फाटाया केलं का ऱ्हायाला केलं?"

आप्पा इतकी वर्षं त्या दारात खाली मान घालून उभे राहिले होते. त्या दिवशी बोलले. बहुतेक आता गमवायला काही उरलं नव्हतं म्हणून. "दोन्हीला केलं, तात्या. लोकांस्नी वाटतं आमी नुसतं फाडतो. फाडनं सोपं हाय. पर माणसाच्या हातात पोचंपतूर तिनं गच्च मिटून ऱ्हायाचं, आन् त्यानं बोट लावलं की लगीच उघडायचं. ह्या दोन्ही गोष्टी एका पिशवीत बसवायच्या. त्येच माझं काम हाय. आज निम्मं बसलं, निम्मं चुकलं."

तात्या पुडीकडं बघत राहिले.

"चुकलं त्ये निम्मं माझ्या कामातलं हाय," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. "माल कुटं दाबतो, किती दाबतो, खाली काय ठिवायचं, वर काय ठिवायचं. जलम गेला माझा त्यात. मला का न्हाई इचारलं?"

"तुमी बोलत न्हवता," आप्पा म्हणाले.

तात्यांनी पटका काढला, झटकला, परत बांधला. मग आप्पांच्या कडेवरच्या पोत्याकडं बोट केलं. आप्पांनी पोतं उघडून दाखवलं. मांडीवर आलेलं असल्यामुळं त्यातली पुडी न् पुडी शाबूत होती. तात्यांनी एक उचलली, खाचेला बोट लावलं आणि ओढली. रेघेवरून सरसर सरळ फाटत गेली. एक कणसुद्धा सांडला नाही. "सरळ जाती की," ते म्हणाले. मग बाकीच्यांना बाजूला सारून त्यांनी जावयाला मांडवाच्या कडेला नेलं आणि दोघं उकिडवे बसले. तळी भरायची वेळ झाली तरी उठेनात. शाबूत पुड्यांची थप्पी लावून तात्या तिच्यावर हळूच बसून बघत होते आणि आप्पा जमिनीला कान लावून 'फुस्स' ऐकू येतं का ते तपासत होते. शेवटी आप्पांच्या सासूबाईंनी दोघांना हाताला धरून उठवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली. शिरूरलाच काम मिळालं, सणसवाडी सुटली. आप्पा तिथंच आहेत असं कळतं. पण माझ्या नजरेसमोर ते येतात ते त्या दिवशी दौंडहून मी निघाले त्या वेळचे.

दिवेलागण झाली होती. मला एस.टी. स्टँडवर सोडायला रिक्षा येऊन थांबली होती आणि पाहुणे अजून येतच होते. मांडवाच्या दारात तात्या आणि आप्पा शेजारी शेजारी उभे होते. पायाशी पोतं. मालधक्क्यावर पोती हातोहात जावीत तशी तात्या एकेक पुडी पुढं करायचे, आप्पा ती फाडायचे आणि तात्या भंडारा पाहुण्याच्या कपाळाला लावायचे. कुरकुंभकडचे कुणी जाडजूड पाव्हणे आले. त्यांनी आप्पांकडं बोट करून विचारलं, हे पिवळे गृहस्थ कोण.

"आमचं जावई," तात्या म्हणाले. खड्या, मालधक्क्यावरच्या आवाजात, पार गल्लीच्या टोकाला जाईल असं. "सणसवाडीला पिशव्या फाडत्यात."

पाव्हणे हसले. तात्या हसले नाहीत. पाव्हण्यांचं हसू पुरतं विरेपर्यंत ते त्यांच्याकडं बघत राहिले आणि मगच भंडारा लावला. पुढच्या पाहुण्यानं काही विचारलं नव्हतं, पण त्यालाही सांगितलं. त्याच्या बायकोला सांगितलं. त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, तर त्याच्या कानाशी जाऊन परत सांगितलं. आप्पा मान खाली घालून फाडत होते. त्यांचे हात इतके थरथरत होते, की बरं झालं उजेड वाढवला होता.

पाहुणे संपले. दारात कुणी उरलं नाही. मी रिक्षात बसले, तर तात्या पुडी घेऊन रिक्षापर्यंत आले, ड्रायव्हरच्या कपाळाला भंडारा लावला आणि त्यालाही सांगितलं, ते आमचे जावई, पिशव्या फाडतात. ड्रायव्हर म्हणाला, बरं. रिक्षा वळली, मी मागं बघितलं. तात्या परत दारात जाऊन उभे होते. त्यांनी पोत्यातून आणखी एक पुडी काढून पुढं केली, आप्पांनी ती फाडली, आणि लावायला दुसरं कुणीच नव्हतं म्हणून तात्यांनी तो भंडारा आधीच पिवळ्याधमक असलेल्या आपल्या जावयाच्या कपाळाला लावला.